बॉयलरबरोबर बॉयलरवाला

वास आला तेव्हा भाईदासला वाटलं, भटूनं परत कोळशाचं रिकामं पोतं भट्टीच्या तोंडाशी टाकलंय. पोतं करपल्यासारखाच वास, पण त्यात काहीतरी ओलं. तो खाली बघत राहिला. पायाशी पोतं नव्हतं, फडकं नव्हतं. भटू बाजूलाच फावड्याला टेकून तंबाखू मळत होता. तो अगदी हळू, झोपेतल्या माणसाला उठवावं तसा म्हणाला, "जिभाऊ, हात काढ. तुन्हा हात शे तो." भाईदासनं बघितलं. त्याचा उजवा तळवा भट्टीच्या लोखंडी दारावर टेकलेला होता. तसं त्यात नवीन काही नव्हतं. कामावर आलं की दाराला हात लावायचा आणि कपाळाला लावायचा, सत्तावीस वर्षांची सवय. लावायचा आणि काढायचा, डोळ्याचं पातं लवतं तेवढंच. आज लावला आणि काढायचा राहून गेला. त्यानं हात उचलला तेव्हा तळव्याची थोडी कातडी दारावरच राहिली आणि चर्र वाजली. दुखेल म्हणून तो थांबला. थांबूनच राहिला. दुखणं काही आलं नाही.

भटूनं प्यायच्या पाण्याचा डबा हातावर ओतला. "दुखस नही का?" म्हणाला. "नही." "मंग तुले बॉयलरम्हा घाला तरी चाली." असं म्हणून तो हसला, आणि भाईदास हसत नाही बघून त्यानं तंबाखू तोंडात टाकली. हे कधीपासून? भाईदासला खरोखर आठवेना. चहाचा ग्लास बोटांत धरून बसायचा तेव्हा समोरचे फुंकर घालत बसलेले असायचे, ते त्याला दिसायचं. शोभाबाई तव्यावरची भाकर त्याच्या हातावर टाकायची आणि म्हणायची, तुमचे हात नाहीत, सांडशी आहे. त्याला ते कौतुक वाटायचं. हातापर्यंत ठीक होतं. पण गेल्या आठ दिवसांत हेच वर सरकत सरकत कुठवर आलं होतं कुणास ठाऊक. आठ दिवसांपूर्वी योगेंद्रनं त्याला ऑफिसात बोलावून खुर्चीवर बसवलं होतं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा खुर्ची दिली तेव्हाच त्याला कळायला पाहिजे होतं. "काका, कोळशाचा बॉयलर शेठनं विकला. महाराष्ट्रातली पार्टी आहे, तुमच्याच साइडची. सोमवारी ट्रेलर येईल. त्याआधी शनिवारी पार्टी चालू बॉयलर बघून जाणार." योगेंद्र मिलचा इंजिनियर, मूळचा अमळनेरचा, पण जन्म इथला, सुरतेतल्या उधन्याचा. मराठी बोलता बोलता त्याला मधेच गुजराती लागायची. "तुमी टेन्शन नका घेऊ ने. पार्टीला सांगितलंय, माणूस पण मिळेल. चावीसकट." तेव्हा भाईदासनं काय वाटतंय म्हणून आत बघितलं होतं, आणि आत काहीच नव्हतं. तो "बरं" म्हणाला होता आणि उठताना खुर्ची जागेवर सरकवून ठेवली होती.

आज शनिवार. म्हणजे ही आग कामाची नव्हती, दाखवायची होती. मिलची वाफ पंधरा दिवसांपासून पलीकडच्या शेडमधून येत होती. तिथं आधी अडीनडीलाच लागणारा गॅसचा बॉयलर होता, पांढरा, फ्रीजसारखा, बटणावर चालणारा. भटू त्याला जावई म्हणायचा. "त्याले ना कोयसा लागस, ना भटू लागस," म्हणायचा. भटूला त्यांनी झाडू दिला होता. जावयाच्या शेडमध्ये धूळ चालत नाही, म्हणून दिवसातून चार वेळा फरशी पुसायची. पुसण्यासारखं काही नसायचं, तरी तो पुसायचा. आज दोन तासांपुरता त्याला परत फावड्यावर आणला होता, आणि तो सणाला आल्यासारखा खूश होता. योगेंद्र मात्र दर दहा मिनिटांनी डोकावत होता. "काका, पातळ ठेवा. मीटर चालू आहे. विकायच्या बॉयलरचा धूर आपल्या नावावर नको."

मीटर म्हणजे चिमणीच्या कमरेला बसवलेलं यंत्र. ते धूर मोजतं आणि मोजलेलं लगेच सरकारी ऑफिसात पोचतं. कायदा आला तेव्हा योगेंद्रनं सगळ्यांना पाण्याच्या टाकीजवळ उभं करून समजावलं होतं. "रेशन कार्ड समजा. धुराचं रेशन. मिलला इतका धूर मंजूर. कमी काढला तर उरलेला दुसऱ्या मिलला विकायचा, जास्त काढला तर बाजारातून घ्यायचा." मागून कुणीतरी विचारलं, धूर विकत घ्यायचा? "धूर नाही, धूर काढायची परवानगी." मग भटूनं त्याच्या मोडक्या गुजरातीत विचारलं होतं, साहेब, आम्ही जो गिळला तो कुणाच्या कार्डावर? सगळे हसले. योगेंद्रही हसला. भाईदासही हसला होता. भटूचं बोलणं विनोदाचं असतं असं ठरूनच गेलं होतं. पुढं कार्बनचा कायदा आला. तो ह्याच्याही वरचा, दिल्लीचा. दुसऱ्या देशात कापड पाठवायचं तर किती कोळसा जाळला ते कागदावर दाखवावं लागणार, असं शेठच्या ऑफिसातून खाली येता येता बॉयलरपर्यंत आलं. भाईदासला त्यातलं एवढंच कळलं की आता वरून लोक त्याच्या आगीकडे बघताहेत. आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचा अभिमान वाटला. लपवण्यात काय अर्थ आहे? सत्तावीस वर्षं त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

त्यानं आग पातळ करून दाखवली. हे काम पुस्तकात नाही. मूठमूठ कोळसा, सगळ्या जाळीवर सारखा, पुन्हा पुन्हा. ढीग टाकून बिडी ओढत बसायचं नाही. आगीचा रंग शेंदरी ठेवायचा, लाल होऊ द्यायचा नाही, पांढरा होऊ द्यायचा नाही. चिमणीच्या तोंडाशी धूर दिसला न दिसला असा. सहा महिन्यांत मीटरचा आकडा असा उतरला की दुसऱ्या मिलचे इंजिनियर बघायला आले. उरलेला धूर शेठनं विकला. भाईदासला ऑफिसात नेऊन पेढा दिला, फोटो काढला. फोटोत शेठ, योगेंद्र, एक सरकारी साहेब आणि कडेला अर्धा भाईदास होता. त्या फोटोखाली इंग्रजीत काय लिहिलंय ते पोरीनं, वर्षानं, वाचून दाखवलं होतं: स्वच्छ हवेसाठी. वर्षा त्याची थोरली, कॉलेजात शिकते, घरात आईशी अहिराणी, बापाशी मराठी आणि फोनवर गुजराती बोलते. नवागामच्या त्यांच्या खोलीत, शोभाबाई साड्यांचे धागे कापत बसलेली असताना, तिनं बापाला नीट समजावलं होतं. "पप्पा, आधी धुराचा खर्च कोणीच भरत नव्हतं. म्हणजे दवाखान्यात आपण भरत होतो. आता जो धूर काढतो त्यानं भरायचा. बरोबरच आहे ने?" बरोबरच होतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती. भिंतीपलीकडचा गोपाल दोन वर्षं खोकून खोकून गेला, तो काही विडीनं गेला नव्हता. "हवा तो चोख्खी थई ने," वर्षा म्हणाली. भाईदासनं विचारलं, "आणि भरतो कोण?" "मिल." मिल, असं तिनं म्हटलं आणि भाईदासला डोळ्यांसमोर मिल उभी करता येईना. पत्रे दिसले, वाफेचे पाइप दिसले, पण खिशात हात घालून पैसे काढणारी मिल कुठं दिसेना. दिसलं ते एवढंच, की रंगाई महागली म्हणून गल्लीतल्या लूमवाल्यांची एक पाळी बंद झाली, की कॅन्टीनच्या म्हाताऱ्याचं काम गेलं, की भटूच्या हातात झाडू आला. कायदा शेठच्या दारापर्यंत आला आणि शेठनं दार उघडून त्याला मागच्या बाजूनं खाली, उतारावर सोडून दिला. उतारावर कोण राहतं ते कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं असं थोडंच आहे. पण हे तो पोरीला बोलला नाही. तिचा चेहरा इतका स्वच्छ होता की बोलवलं नाही.

आणि एक गोष्ट तो कुणालाच बोलला नव्हता. आता, हातावर भटूनं बांधलेलं फडकं ओलं होत असताना, त्याला ती गोष्ट दारामागे उभी असल्यासारखी वाटत होती. वाचलेला धूर शेठनं आधीच विकलेला असायचा, म्हणून वर्षअखेरीला मंजूर धूर संपत आला की योगेंद्रचा फोन यायचा, "काका, बंद. आत्ताच्या आत्ता बंद. गॅसची वाफ घेतोय." आणि तासाभरानं, "काका, परत चालू, गॅसचा भाव चढला." जळती आग अशी विझत नाही. तिला आपल्या मरणानं मरू द्यावं लागतं, दारं मिटून, रात्रभर. भाईदासला हे काम शिकवणाऱ्या उस्तादानं त्याच्या मनगटावर फावड्याचा दांडा मारून शिकवलं होतं: लाल आगीवर दार उघडं टाकायचं नाही. बैल घामेजला असताना अंगावर विहिरीचं पाणी ओततोस का? मग. पण योगेंद्र समोर उभा राहायचा, मीटरचा आकडा मोबाइलवर दाखवायचा, आणि भाईदास दोन्ही दारं उघडून आग ओढून बाहेर काढायचा. थंड हवा आत घुसायची. आतून टणकन आवाज यायचा, म्हातारी बोटं मोडते तसा. एकदा नाही, दोनदा नाही. त्यानं मोजले होते, अकरा वेळा. पहिल्या वेळी नको म्हणाला होता. योगेंद्र म्हणाला होता, "काका, तुमचा तर फोटो लागलाय." फोटो लागला होता हे खरंच होतं.

सातव्या का आठव्या वेळेनंतर पुढच्या प्लेटवर, जिथं नळ्यांची तोंडं मधमाश्यांच्या घरासारखी ओळीनं असतात, त्यातल्या दोन तोंडांच्या मधे त्याला एक पांढरी रेघ दिसली. केसाएवढी. आतलं पाणी झिरपून क्षार जमतो त्याची रेघ. म्हणजे चीर. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग तारेच्या ब्रशनं रेघ खरवडून काढली. आठ दिवसांनी ती परत आली. त्यानं परत काढली. दर रविवारी दाढी करावी तसं ते सुरू झालं, आणि तसंच सवयीचंही झालं. का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर बॉयलर थांबला असता. बॉयलर थांबला असता तर तो थांबला असता. एवढंच. पुढं विचार गेलाच नव्हता, आणि गेला नाही ह्याचीही त्याला कधी टोचणी लागली नव्हती. आज पहिल्यांदा वाटलं, हात बधिर झाला तो त्याच सुमारास असेल.

पार्टी दुपारी बाराला आली. भिकन पाटील, साक्रीकडचा, पांढरे कपडे, पायात महागाचे बूट आणि बोलणं मात्र गावाचं. आल्या आल्या त्यानं विचारलं, "कोनता गावना?" भाईदासनं गाव सांगितलं. गाव भिकनच्या कारखान्यापासून चार कोस. मग काय, नाती निघाली. भाईदासचा चुलतभाऊ धुडकू त्याच्या ओळखीचा निघाला. नुसता ओळखीचा नाही. "त्याले मी कोयसावर लाई टाकं," भिकन म्हणाला. म्हणजे धुडकूला कोळशाच्या कामावर घेऊन टाकलं होतं, बॉयलर यायच्या आधीच. धुडकू, चाळिशीचा, दोन एकरांत चौघांचं भागत नाही म्हणून ऊसतोडीला बारडोलीला यायचा. आता त्याला घराजवळ काम मिळालं होतं. भिकन बॉयलरभोवती बैलबाजारात फिरतात तसा फिरला. पाठीवर थाप मारली. "अठला कायदा तुमले मुबारक. आमनाकडे अजून मीटर-फिटर नही. मोकयं शे सगयं." मग योगेंद्रकडे वळून हिंदीत म्हणाला, "तुमच्या सरकारचे उपकार आहेत साहेब, नाहीतर एवढ्या पैशात असा बॉयलर आम्हाला कुठून मिळायला." योगेंद्र हसला. ह्या हसण्यात कुणाचं काही चुकत नव्हतं, हेच भाईदासला विचित्र वाटत होतं. सुरतेची हवा स्वच्छ झाली हे खरं होतं. इथला धूर कमी झाला हे कागदावर बरोबर होतं. फक्त धूर सोमवारी ट्रेलरवर बसून त्याच्या गावाला निघाला होता. आणि त्याला सोबत करायला चांगला माहीतगार माणूस पाहिजे होता.

काल रात्री जेवताना शोभाबाईला त्यानं सांगितलं होतं, गावाकडं काम मिळतंय. चिरेचं सांगितलं नव्हतं. ती धागे कापायची कात्री खाली न ठेवता म्हणाली होती, "मंग जाय ना. अठे काय सोनानं शे? पोरीनं वरीस होई जाऊ दे, मंग आम्ही बी येसूत." वर्षाचं शेवटचं वर्ष होतं. त्याच्या वयाच्या माणसाला सुरतेत दुसरं काम नव्हतं. बॉयलरवाल्याचं सर्टिफिकेट होतं, पण ज्या मिलांना ते लागायचं त्या सगळ्या जावई आणत होत्या. वॉचमनच्या नोकरीला गेला असता तर हात बघून म्हणाले असते, काका, शिट्टी तरी धरता येईल का? तेव्हा सरळ होतं. भिकननं विचारलं की "चांगला आहे" म्हणायचं. दोन शब्द. त्या दोन शब्दांवर पोरीचं वर्ष होतं आणि बायकोचं येणं होतं. त्या दोन शब्दांच्या पुढ्यात धुडकू फावडं घेऊन उभा होता.

भिकननं त्याला बाजूला घेतलं. योगेंद्रला ऐकू जाईल एवढ्याच बाजूला. खिशातून तंबाखूची पुडी काढून पुढं केली आणि सहज, सोयरिकीत मुलाची चौकशी करावी तसं विचारलं, "कसा शे? खरं सांग भो. तू घरना माणूस."

भाईदासनं तोंड उघडलं. 'चांगला शे' एवढं जिभेवर तयार होतं, त्यानं ते रात्रभर तयार ठेवलं होतं. त्यानं वाट बघितली, ते बाहेर पडेल म्हणून. सकाळी दुखण्याची बघितली होती तशीच. ते आलं नाही. मग तो वळला, पुढचं धुराचं दार उघडलं, आग थंडावत आलेली होती, आणि खिळ्याच्या टोकानं ती जागा दाखवली. आज ब्रश मारलेला नव्हता. शनिवार होता. पांढरी रेघ स्पष्ट होती. "अठे चीर शे," तो म्हणाला. "मीच पाडी. गरम बॉयलरना दारं उघाडीसन. दाब चढना तं एक दिवस पुढली प्लेट उडी. समोर जो व्हई तो जाई." एवढं सगळं तो एका आवाजात बोलला, गाडी कुठून सुटते ते प्रवाशाला सांगावं तसा. भटूचं फावडं थांबलं. योगेंद्रचा चेहरा पांढरा पडला. भाईदासला वाटलं, आता संपलं. आणि त्या वाटण्याबरोबर छातीत कुठेतरी बारीकसं काहीतरी हललं, मुंग्या आल्यावर पाय हलतो तसं. त्याला ते जवळजवळ बरं वाटलं.

भिकन वाकून रेघेकडे बघत राहिला. मग सरळ उभा राहिला, रुमालानं हात पुसला आणि योगेंद्रकडे वळला. "बघा साहेब, हे तुमचाच माणूस बोलतोय. आता ह्या भावात कसा नेऊ मी?"

योगेंद्र म्हणाला, "शेठशी बोलतो." तो बाहेर गेला, फोन केला, आत आला. दहा मिनिटं ते दोघं कोळशाच्या ढिगाजवळ उभे राहून बोलत होते. एकदा योगेंद्र हसला, एकदा भिकननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. भाईदास आणि भटू दाराजवळ उभे होते, पंगतीत वाढपी थांबतात तसे. एक तृतीयांश भाव उतरला. भिकननं वेल्डर आणतो म्हणून सांगितलं, मग म्हणाला, वेल्डर तरी कशाला, कमी दाबावर चालवू. परत येताना तो इतका खुशीत होता की त्यानं भाईदासच्या फडकं बांधलेल्या हाताला हात मिळवला. "तुन्हामुये मन्हा पैसा वाचना भो. असा माणूस पाहिजे. सोमवारले ट्रेलरवर तूच बठ. तुले माहीत शे चीर कोठे शे ती."

योगेंद्र जवळून जाताना गुजरातीत पुटपुटला, "काका, तुम्ही पण." त्यात राग नव्हता. मीटर बंद करायला सांगून तो गेला. मीटर बंद झालं. भटू जाळीवरची राख ओढायला लागला. त्यानं वर न बघता विचारलं, "जाशी का?"

जाशील का? भाईदासनं विचार करून बघितला. नाही गेला, तर भिकन कुणालाही आणणार, सर्टिफिकेट असलेला, नसलेला. आणि तो माणूस रेघ खरवडणारही नाही, कारण त्याला रेघ दिसणारच नाही. बॉयलर तर जाणार होताच. खरं बोलल्यानं तो थांबला नव्हता, फक्त स्वस्त झाला होता. मघाशी छातीत हललं होतं ते परत जागेवर जाऊन बसलं होतं. "जाऊ," तो म्हणाला.

मिलच्या फाटकाबाहेर हायवेच्या कडेला उभं राहून त्यानं डाव्या हातानं धुडकूला फोन लावला. ट्रक जात होते, दोनदा परत बोलावं लागलं. त्यानं धुडकूला सांगायचं ठरवलं होतं, हे काम घेऊ नको, ऊस तोड, बारडोलीला ये, काहीही कर. त्यानं चीर सांगितली. दाब सांगितला. सगळं ऐकून धुडकू म्हणाला, "पाटीलनी आतेच फोन करीसन सांगं माले. तू येस म्हनीसन तं मी हा म्हनं. तुन्हामांगे मी काय भिवाऊ?" मागे बायकांचं हसणं ऐकू येत होतं, घरात कुणीतरी आलेलं असावं. धुडकूनं विचारलं, कधी येतोस, एकटाच का सगळे, खोली पाटील देतो का. भाईदासनं सगळ्याची उत्तरं दिली. मग फोन ठेवायची वेळ आली, तेव्हा तो म्हणाला, "आयक. कोयसा टाकानी वखतले दारना समोर उभा ऱ्हावानं नही. डावा अंगले ऱ्हावानं. फावडं लांब धरीसन."

"आतेपाईनच सिकाडाले लागना का?" धुडकू हसला.

"जेवाले बी समोर बठानं नही," भाईदास म्हणाला. "डावा अंगले. म्हन."

"काय?"

"म्हनी दाखाड. कोनता अंगले?"

धुडकूनं हसतच म्हटलं. ट्रक गेला, ऐकू आलं नाही. भाईदासनं त्याला परत म्हणायला लावलं.